पायांचा बुधवार

हफीजाबी आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात परिचर होती. झाडणं, पुसणं, पाणी भरणं, बाळंतिणीच्या उशाशी बसणं आणि डॉक्टर रागावले की निमूट ऐकून घेणं, एवढं सगळं त्या एका शब्दात येत होतं. तिचं माहेर भाट्याच्या खाडीपलीकडचं. नवरा जहाजावर खलाशी होता. लग्नाला सहा वर्षं झाली आणि तो तापाने गेला, तेव्हा पाच वर्षांच्या पोरीला घेऊन ती आमच्या आतल्या गावात नोकरीला आली आणि इथलीच झाली. चालायची भरभर आणि बोलायची मोठ्याने. ओट्यावरून हाक मारली तर नदीपलीकडे ऐकू जाईल असा आवाज. तिच्या त्या आवाजाने माझं एकदा फार वाईट झालं. आज मी दोन हातांनी काम करते, घरात माणसांत बसते, तेही तिच्यामुळेच. म्हणून हे लिहिते आहे.

पंच्याऐंशी साल. मी बावीस वर्षांची, पदरात दोन वर्षांची मुलगी, राही. नवरा शिवा मुंबईला गोदीत कामाला. घरात सासू चिमा आणि मी. माझ्या डाव्या दंडावर मागच्या बाजूला एक फिकट चट्टा होता. खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणून मी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. माघात एकदा चुलीवरून भाताचं भांडं उतरवताना करंगळी भाजली, ती मला फोड आल्यावर कळली.

त्याच महिन्यात केंद्राची माणसं वाडीत घरोघर तपासणीला आली. सखाराम म्हणून कुष्ठरोगाचे तंत्रज्ञ होते, ते अंगणात पुरुषांना बघायचे आणि बायकांना बघायला हफीजाबी आत यायची. तिने मला माजघरात नेलं, चोळीची बाही वर सारली आणि म्हणाली, "डोळे मीट. कापूस लावला की हूं म्हण."

मी डोळे मिटून उभी राहिले. बराच वेळ झाला.

"लावा ना," मी म्हटलं.

"तीनदा लावून झाला, बाय."

मी डोळे उघडले. तिच्या हातात कापसाची बारीक वात होती आणि चेहरा उतरला होता. आमच्याकडे या आजाराला रगतपिती म्हणत. त्या शब्दाने माझ्या मामाच्या गावातली एक बाई आयुष्यभर रानात खोपटात राहिलेली मी पाहिली होती. मी बाही खाली ओढली आणि भिंतीला टेकून बसले.

हफीजाबी माझ्याजवळ बसली. तिने माझा तोच हात धरला. "गोळ्या खाल्ल्यास तर साफ बरी होशील. डॉक्टर सांगतात, औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागत नाय. पोरीला नाय, सासूला नाय. आणि कोणाला कळायचं नाय. मी हाय ना."

मी तिच्यावर विश्वास ठेवला.

या आजाराचा दवाखाना गुरुवारी असायचा. केंद्राच्या मागे फणसाखाली एक बाक होता, त्यावर फक्त आमच्यासारख्यांनी बसायचं. कार्डाला लाल पट्टी. पाण्याचा माठ वेगळा आणि त्यावरचा पेलाही वेगळा. समोरून रस्ता जायचा आणि जाणारा प्रत्येक माणूस बाकाकडे बघून पुढे जायचा. सखाराम मनाने वाईट नव्हते, पण वरून जसं सांगितलं तसं ते करायचे. त्यांच्या रजिस्टरात चौतीस नावं होती आणि बाकावर चार-पाच माणसं दिसायची. बाकीची कुठे गेली, तर घरीच होती. सखाराम त्यांच्या दाराशी गेले की ती मागच्या दाराने काजूच्या बागेत जायची.

मला हफीजाबीने बाकावर बसू दिलं नाही. ती मला बाळंतिणींच्या खोलीत बसवायची आणि गोळ्या पदराखाली आणून द्यायची. चैत्र, वैशाख असेच गेले. करंगळी तशीच बधिर होती, पण चट्टा पसरायचा थांबला होता.

ज्येष्ठात पेरण्यांच्या घाईत माझा एक गुरुवार चुकला. पुढच्या बुधवारी बाजारात हफीजाबीला आमची शेजारीण कमळा दिसली. हफीजाबी माशांच्या रांगेत होती आणि कमळा पलीकडे सुक्या बाजारात. मधे सगळा बाजार. हफीजाबी तिथूनच ओरडली, "अगो कमळा! मैनेला सांग, उद्या गुरुवार हाय. मागचा चुकवलान तिने. गोळ्या संपल्या असतील."

एवढंच. आजाराचं नावही तिने घेतलं नाही. पण गुरुवार कुणाचा ते पंचक्रोशीला ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत बातमी वाडीभर झाली.

सासूने मला काही विचारलं नाही. तिने माझं ताट वेगळं केलं, माझी वाकळ गोठ्याच्या पडवीत नेऊन टाकली आणि राहीला उचलून आत गेली. रात्र झाली तरी पोरीचं रडणं मला ऐकू येत होतं. सकाळी विहिरीवर गेले तर बायका बाजूला झाल्या. कमळा म्हणाली, "तू दोर-पोहरा नको बुडवू. आम्ही ओतू तुझ्या हंड्यात." वरून पाणी ओतलं, भिकाऱ्याला ओततात तसं. मी घरी आले आणि राहिलेल्या गोळ्या उकिरड्यात पुरल्या.

चार दिवसांनी हफीजाबी आली. तीन मैल चालत. मी पडवीत होते. तिला बघून मी उठले आणि झापाचं दार ओढून घेतलं.

"मैना, चूक माझी," ती बाहेरून म्हणाली. त्या दिवशी तिचा आवाज इतका लहान होता की मला तो ओळखूच आला नाही. "मी जिभेला आवर घातला नाय."

"जा तुम्ही," मी म्हटलं. "तुमच्या गोळ्याही नकोत आणि तुमची मायाही नको."

ती गेली नाही. अंगणाच्या कडेला पायरीवर बसून राहिली आणि उन्हं कलली तशी उठली. पुढच्या आठवड्यात पुन्हा आली, त्याच्या पुढच्याही. दर वेळी तेच. मी दार उघडत नसे आणि ती हाकही मारत नसे. बसायची आणि जायची.

लावणी झाली. चिखलात उभं राहून माझ्या उजव्या टाचेत काटा मोडला होता आणि मला पत्ता नव्हता; गोळ्या सोडल्यावर ती टाचही बधिर झाली होती. श्रावणात पाय सुजला, वास यायला लागला, तेव्हा मी स्वतःच दार उघडलं. हफीजाबी पायरीवरच होती. तिने पाय बघितला आणि माझ्या सासूला हाक मारली, "चिमाताई, घमेलंभर कोमट पाणी देशील काय?"

सासू पाणी घेऊन आली, लांबच ठेवून मागे सरली. आता तिचे पाय समोर दिसत होते. आयुष्यभर जांभ्या दगडावर आणि चिखलात वावरलेली बाई, टाचांना अशा भेगा की करंगळी आत जाईल. एका भेगेतून रक्त येत होतं.

"दुखत नाय तुला?" हफीजाबीने विचारलं.

"दुखतंय तर. सांगू कोणाला?"

"दुसरं घमेलं आण. बस इथे."

का कोण जाणे, सासू बसली. हफीजाबीने आधी माझा पाय धुतला, काटा काढला, पट्टी बांधली. मग हात साबणाने धुऊन सासूचे पाय दुसऱ्या पाण्यात ठेवले. अर्धा तास भिजवले, खरखरीत दगडाने हलकेच घासले आणि घरातल्याच मुठेलाचा गोळा घेऊन चोळला. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, आमच्याकडे प्रत्येक घरी असतं. सासूने डोळे मिटून घेतले होते. कोणीतरी आपले पाय हातात घेतंय हे तिला नवं होतं. जन्मभर तिने दुसऱ्यांचेच धुतले होते.

त्या दिवशी हफीजाबीने मला एक विचारलं. गोळ्या का टाकल्यास असं नाही. तिने विचारलं, "मैना, तू सांग. दवाखाना कसा असता तर तू कोणाला न भिता आली असतीस?"

मला कधी कोणी असं काही विचारलं नव्हतं. मी विचार करून म्हटलं, "गुरुवार नको. बाजाराचा वार पाहिजे, म्हणजे कोण कशाला आलं ते कोणी बघत नाय. वेगळा बाक नको, वेगळा पेला नको. आणि माझं नाव कोणी मोठ्याने घ्यायचं नाय."

शेवटचं ऐकून तिने मान खाली घातली. मग म्हणाली, "आणि?"

"आणि आये पण येईल असं काहीतरी पाहिजे." मी सासूकडे बघितलं. तिचे पाय तेलाने चकाकत होते.

पुढे काय झालं ते मला डॉक्टर देवरुखकरांनीच नंतर सांगितलं. ते तरुण होते, नव्यानेच आलेले. हफीजाबी त्यांच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "साहेब, बुधवारी सगळ्या गावाचे पाय धुवायचे."

"कशासाठी?"

"भेगा सगळ्यांना हायत. चिखल्या सगळ्यांना होतात. गुरुवारवाल्यांचे पण पायच खराब होतात. सगळे एका ओळीत बसू देत. तुम्ही आत एकेकाला बोलावून बघा. ज्याला गोळ्या द्यायच्या त्याला द्या. बाहेर कोणाला काय कळणार?"

सखाराम म्हणाले, "कुष्ठरोगाचं काम वेगळं ठेवायचं असा नियम आहे. माझ्याकडे परिपत्रक आहे."

डॉक्टर म्हणाले, "वरून हुकूम नाही, हफीजाबाई."

"पाय धुवायला हुकूम लागतो काय, साहेब?"

डॉक्टर हसले. मग त्यांनी रजिस्टर मागवलं आणि चौतीस नावांसमोरचे रिकामे रकाने बघत बराच वेळ बसले.

मार्गशीर्षातल्या पहिल्या बुधवारी सुरुवात झाली. केंद्राच्या पुढच्या अंगणात, रस्त्याच्या बाजूला, झावळ्यांचा मांडव घातला. बाजारातल्या करीमशेठनी तेलाचे रिकामे डबे दिले. ते आडवे कापून त्यांची घंगाळी केली. पत्र्याची धार पायाला लागू नये म्हणून हफीजाबीने कडा दुमडून ठोकून घेतल्या आणि प्रत्येक कडेवरून स्वतःचं बोट फिरवून बघितलं. ज्याला धार कळत नाही त्याचा पाय कापेल, हे तिच्या डोक्यात होतं. माठ एकच, तांब्या एकच. माणसांना नावाने न बोलावता पत्र्याचा बिल्ला द्यायचा, त्यावर आकडा. परत जाताना प्रत्येकाला वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी. कुणाच्या पुडीत मुठेल आणि मलम, कुणाच्या पुडीत मुठेल आणि गोळ्या. पुड्या सगळ्या सारख्या. त्या सखाराम स्वतः बांधायचे. विरोध केला होता त्यांनी, पण पुड्या इतक्या नीट बांधायचे की बाहेरून हात लावूनही फरक कळू नये.

पहिल्या दिवशी सहा माणसं आली. त्यातली एक मी आणि एक माझी सासू. सासू माझ्याबरोबर चालत आली ती दोन हात अंतर ठेवून. मांडवात मात्र जागा शेजारीच मिळाली. समोर बाजाराला चाललेले लोक थांबून बघायचे. म्हातारे भागोजी काका, ज्यांना सगळा गाव मान द्यायचा, काठी टेकत आले आणि म्हणाले, "काय गो, पाय धुवून देताव म्हणे फुकट?" आणि बसले. मग दुसऱ्या बुधवारी वीस झाली. पौषात तर अंगणात जागा पुरेना. बाजाराचा बोजा खाली ठेवायचा, पाय भिजवायचे, गप्पा मारायच्या. कुणाच्या मुंबईच्या पत्राची बातमी, कुणाच्या आंब्याला मोहर आला त्याची. हफीजाबी सगळ्यांच्या पायांशी बसलेली. तिने आता मोठ्याने बोलणं सोडलं होतं. तिला ते जड जायचं, दिसायचं. हाक मारायला तोंड उघडायची आणि मिटून घ्यायची, मग उठून जवळ जाऊन कानात सांगायची.

माझ्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. डॉक्टरांनी एकदा सासूला आत बोलावून समजावलं की हिच्यापासून आता कोणाला काही होणार नाही. सासूने ऐकून घेतलं. आठ दिवस सगळं तसंच चाललं. नवव्या दिवशी संध्याकाळी राहीला माझ्या मांडीवर आणून ठेवली आणि म्हणाली, "हिला तुझ्याशिवाय झोप नाय. आत ये." ताट एक व्हायला आणखी महिना लागला. शिमग्याला शिवा मुंबईहून आला, तेव्हा मी सगळं खरं सांगितलं. तो रडला, आणि नंतर औषध संपेपर्यंत दर पत्रात पहिली ओळ तीच असायची, गोळ्या चुकवू नकोस.

माघातल्या एका बुधवारची गोष्ट सांगायलाच हवी. गर्दी खूप होती. पाणी तापवायला त्या दिवशी दुसरंच कोणी होतं. त्याने हंड्यातलं पाणी घंगाळ्यांत ओतलं आणि विसणाचं गार पाणी घालायचं विसरला. आमच्या ओळीत पाच बायका होत्या. चौघींनी पाय घातले आणि "आई गं" करून वर ओढले. पाचवी कमळा होती. ती शेजारणीशी बोलत होती, आणि तिचा पाय पाण्यात तसाच होता. पाण्यातून वाफ येत होती.

मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं. आणि तिला कळलं की मला कळलं.

किती वर्षं लपवलं असेल तिने? विहिरीवर माझ्या हंड्यात वरून पाणी ओततानाही तिला हे ठाऊक होतं. मी त्या क्षणी एक शब्द बोलले असते तर संध्याकाळपर्यंत तिचीही वाकळ गोठ्यात गेली असती. खोटं कशाला सांगू, तो शब्द माझ्या जिभेवर आला होता.

मी वाकले आणि तिचा घोटा धरून पाय बाहेर काढला. लाल झाला होता. मी मोठ्याने म्हटलं, "गार पाणी आणा हो, आम्हां सगळ्यांचे पाय भाजले!"

हफीजाबी बादली घेऊन धावत आली. तिने आमच्या पाचही जणींच्या पायांवर सारखंच पाणी ओतलं. कमळाच्या पायाशी तिचा हात जरा थांबला. मग तिने माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी कमळा सगळ्यांसारखीच बिल्ला घेऊन आत गेली आणि सगळ्यांसारखीच पुडी घेऊन बाहेर आली. परतीच्या वाटेवर ती माझ्या मागून चालत होती. वहाळापाशी आली आणि तिने मागून माझा हात धरला. घरापर्यंत आम्ही दोघी तशाच आलो.

त्यानंतर हफीजाबीने एक नवा नियम केला. प्रत्येक घंगाळ्यात आधी ती स्वतःचं कोपर बुडवायची, मगच माणसाने पाय घालायचा. दुसऱ्या कोणावर तिने ते काम सोपवलं नाही.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. रत्नागिरीहून एक साहेब तपासणीला आले. त्यांना मागचा बाक रिकामा दिसला. "क्लिनिक कुठे आहे?" त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी मांडव दाखवला. साहेब चिडले. "यात रुग्ण कोणते?"

हफीजाबी हात पुसत उभी राहिली. "तुम्हीच ओळखा, साहेब."

साहेब त्या ओळीकडे बघत राहिले. पन्नासेक पाय होते, सगळे भेगाळलेले, सगळे तेलाचे. त्यांना ओळखता आलं नाही. तरीही जाताना त्यांनी शेरा लिहिला की असा मिश्र दवाखाना नियमात बसत नाही. पुढच्या तपासणीपर्यंत रजिस्टरात नियमित गोळ्या घेणारे एकोणतीस झाले होते. तेव्हा आलेल्या दुसऱ्या साहेबांनी शेरा लिहिला नाही आणि परवानगीही दिली नाही. पायांचा बुधवार असाच चार वर्षं चालला, कागदावर नसताना.

सत्त्याऐंशीच्या कार्तिकात माझ्या गोळ्या संपल्या. डॉक्टरांनी पुन्हा कापसाची वात लावली. चट्ट्यावर मला कळली, थोडी, लांबून आल्यासारखी. करंगळी अजून बधिर आहे, तिला मी सांभाळून असते. वर्षभराने आमच्या वाडीत अंगणवाडी आली आणि सातवी शिकलेली म्हणून मला नेमलं. पोरांना आणायला आया येतात, त्यांना मी कधी कोणाच्या घरातलं दुसऱ्यासमोर विचारत नाही. विचारायचं असेल तर जवळ जाऊन विचारते. हे मला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नाही.

हफीजाबी एकोणनव्वदमध्ये निवृत्त झाली आणि दापोलीजवळ मुरुडला मुलीकडे राहायला गेली. निरोपाचा कार्यक्रम झाला नाही. देवरुखकर डॉक्टरांची आधीच बदली झाली होती. पण शेवटच्या बुधवारी माणसं इतकी आली की बाजार ओस पडला. सासूने जमेल तसं वाकून तिच्या पायांना हात लावला. हफीजाबी दचकून मागे सरली. "असं नको करू, चिमाताई," एवढंच म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मी राहीला घेऊन तिला भेटायला गेले. खेडला उतरून गाडी बदलली आणि दुपारी पोचले. तिने आधी माझा हात धरून करंगळी बघितली, मग पाय बघितले आणि मग आत बसवलं. तिची मुलगी ताजबी हिने तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सार आणि भात वाढला. जेवण झाल्यावर आम्ही ओट्यावर बसलो.

मी म्हटलं, "मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुमच्यावरचा माझा राग कधीचाच गेला."

"मला माहीत हाय," ती म्हणाली. "ज्या दिवशी तू कमळाचा पाय बाहेर काढलास त्या..." आणि एकदम थांबली. माझ्यासमोरही ते नाव घ्यायला नको होतं, असं तिला वाटलं असावं.

मला जरा गंमत वाटली. मी विचारलं, "आपल्या वाडीतली आणखी कोण कोण होती हो? आता सांगायला काय हरकत आहे? सगळी बरी झाली."

हफीजाबीने समुद्राकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "वय झालं गो. नावं आठवत नाहीत मला."

चौतीस माणसांच्या टाचा जिला पाठ होत्या, तिला नावं आठवत नव्हती. मी पुढे विचारलं नाही. राही वाळूत खेळत होती, तिला हाक मारायला हफीजाबी उठली आणि पायऱ्या उतरून थेट तिच्याजवळ गेली.